पुसणारी बाई

आमच्या प्रयोगशाळेत पेन चालत नाही. नवीन माणूस पहिल्या दिवशी खिशाला पेन लावून येतो आणि आठवड्याभरात त्याच्या हातून एखाद्या स्लाइडवरचा नंबर वाहून जातो. रंगकामाला स्पिरिट लागतं आणि स्पिरिट शाईला टिकू देत नाही. शिसपेन्सिलीला मात्र ते काही करू शकत नाही. म्हणून काचेच्या खडबडीत टोकावर पेन्सिल, डबीवर पेन्सिल, आणि सवयीने मोजणीच्या कागदावरही पेन्सिलच. खोडरबराचा विचार हा नियम करणाऱ्याने केला नसावा.

मी मोजणीचं काम करते. कोणी विचारलं तर "मेंदू मोजते" असं सांगते आणि लोक हसतात. माणसं मरणानंतर आपला मेंदू आम्हाला देऊन जातात. त्याचे केसापेक्षा पातळ काप काढायचे, रंगवायचे, काचेवर लावायचे. त्यातही माझा भाग एवढाच, की अल्झायमर झालेल्या मेंदूत किती रक्तवाहिन्या पाझरल्या ते मोजायचं. मेंदूतल्या रक्तवाहिनीची भिंत भलती घट्ट असते, रक्तातलं ऐरंगैरं काही आत येऊ नये म्हणून. या आजारात ती झिरपायला लागते. बाहेर आलेलं रक्तातलं प्रथिन आम्ही रंगवलं की तपकिरी डाग दिसतो. तिथे मेंदूतल्या राखणदार पेशी धावून येतात, फुगतात, आणि सांडलेलं आवरता आवरता घरातलंच सामान फोडत सुटतात. मेंदूला सूज येते ती अशी.

हे मला शिकवलं भिंगकाकांनी. खरं नाव हजेरीपत्रकावर होतं, बाकी सगळ्या मजल्याला ते भिंगकाका. गळ्यात काळ्या दोऱ्याला जुनं भिंग बांधलेलं असायचं आणि मायक्रोस्कोपवर बसायच्या आधी ते प्रत्येक काच उजेडाला धरून भिंगातून बघायचे. राखणदार पेशींना ते गस्तवाले म्हणत. मला म्हणत घाई. "काय घाई, जेवलीस का? की तेही उभ्याउभ्या उरकलंस?" मी चिडायचे. माझ्या नाकावर कायम राग असतो आणि त्यांना तो डिवचायला आवडायचं.

आमच्या कामाचा एक नियम होता. प्रत्येक काच दोघांनी मोजायची, वेगवेगळी, एकमेकांचा कागद न बघता. आकड्यांत थोडाफार फरक चालतो. जास्त पडला तर दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर समोरासमोर बसायचं. त्याला काच एक आणि बघायच्या जागा दोन असतात. आत एक हिरवा बाण दिसतो, तो फिरवून दुसऱ्याला दाखवायचं, हे बघ, इथे. मग भांडायचं आणि एक आकडा ठरवायचा. तो मोठ्या तक्त्यात जातो. नऊ वर्षं आम्ही असे समोरासमोर बसलो.

शेवटच्या दीड वर्षात काकांचे आकडे चढायला लागले. मी नऊ मोजले तर ते बावीस. जिथे तपकिरी रंगाचा मागमूस नाही तिथेही त्यांचा बाण जाऊन थांबे.

"काका, इथे डाग कुठाय?"

"डाग नसू दे. गस्तवाले बघ किती जमलेत. उगाच जमतात का? काहीतरी सांडलंय म्हणून जमलेत. आपल्या रंगाला दिसत नाही, त्यांना दिसतंय."

"आपल्याला पाझर मोजायचाय काका, अंदाज नाही."

"बरं बाई," ते म्हणत, पण आकडा कमी करत नसत.

याच दिवसांत त्यांनी एकदा माझ्या आईची तब्येत एका तासात तीनदा विचारली. एकदा जेवण झाल्यावर डबा पुन्हा उघडून बसले आणि तो रिकामा का म्हणून गोंधळले. एकदा आमच्या खोलीचं दार चुकून पुढे गेले, परत आले, पुन्हा पुढे गेले, आणि मी दारातच उभी होते. दिवसभर असले मेंदू बघणाऱ्या माणसाला हे कळायला डॉक्टर लागत नाही. मला कळलं. पण कळल्यावर मी जे केलं ते कुठल्याही आजाराने केलेलं नाही, ते मी केलं.

मोजणीचे कागद संध्याकाळी माझ्याकडे यायचे, तक्त्यात भरायला. एका संध्याकाळी मी काकांचा बावीस पुसला आणि तिथे अकरा लिहिला, त्यांच्या अक्षरासारखा, मान तिरकी केलेला. अकरा आणि नऊ जवळचे आकडे. समोरासमोर बसायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोन कागद. म्हाताऱ्याची अब्रू राहील, निवृत्तीपर्यंत निभावून नेऊ, असं मी स्वतःला सांगत होते, आणि ते अर्धं खरंही होतं. उरलेलं अर्धं असं, की मला त्यांच्यासमोर बसायचा कंटाळा आला होता. एकेका काचेवर ते तास घालवत. मला घरी जायचं असे, तक्ता संपवायचा असे. असे त्रेसष्ट कागद मी बदलले.

महिन्याच्या शेवटी दोघांनी तक्ता तपासून सही करायची असते. काकांनी बोट ठेवत ठेवत तो वाचला आणि मान वर केली.

"हे आकडे माझे नाहीत."

"तुमच्याच कागदावरचे आहेत," म्हणत मी कागद आणून पुढे ठेवला. ते त्या अकराकडे बघत राहिले. मग त्यावरून अंगठा फिरवला.

"कोणीतरी माझं लिहिलेलं पुसतंय," ते म्हणाले.

त्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगितलं, रंगकामवाल्यांना सांगितलं, लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांना सांगितलं. सगळे हळहळले. आपलं कोणीतरी चोरतं, बदलतं, लपवतं, हा संशय त्या आजारात येतोच, हे आमच्या मजल्यावर झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक आहे. शेवटी एक दिवस काका माझ्या टेबलाशी आले. त्यांचा आवाज लहान झाला होता.

"घाई, मला खरं सांग. मी बावीस मोजले होते की नाही?"

"मला काय ठाऊक, काका? कागदावर तर अकरा आहे."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे सुरू झालं," ते म्हणाले. "माझ्याही आत आता गस्तवाले जमले असतील." दुसऱ्याच दिवशी त्यांनी मॅडमकडे स्वतःहून तपासणीची चिठ्ठी मागितली. तपासणीत अल्झायमर निघाला. तो खोटा नव्हता, आणि म्हणूनच मी निर्धास्त झाले. निरोपाला सगळ्यांनी त्यांना नवीन चकचकीत भिंग दिलं. त्यांनी ते खिशात ठेवलं आणि जुनं गळ्यात राहू दिलं.

त्यांच्या जागेवर कोणी आलं नाही. दुसरी मोजणी कधी हा करी, कधी तो. दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर मी एकटीच बसले की कधी कधी हिरवा बाण जरासा सरकल्यासारखा वाटे, माझा हात गुडघ्यावर असतानाही. मान वर करून बघावं तर समोर रिकामी खुर्ची. यंत्र जुनं आहे, टेबल हलतं, हे मला माहीत होतं. तरी मी त्या खुर्चीवर रंगाच्या डब्यांचं खोकं ठेवलं. मला भीती वाटत होती आणि ती सांगायला कोणी नव्हतं.

दर रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जात असे. काकू पडदे शिवून द्यायच्या. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, भिंतीशी कापडाचे तागे, आणि खिडकीपाशी काकांची खुर्ची. काका दिवसभर मोजत बसत. समोरच्या इमारतीच्या खिडक्या, रस्त्यावरून जाणारे टोपीवाले, काकूंच्या मशीनचे थांबे. पडद्यांच्या मापाच्या जुन्या कागदांमागे पेन्सिलीने आकडे लिहून ठेवत. तासाभराने तोच कागद उघडत, आणि लिहिलेला आकडा त्यांना ओळखू येत नसे.

"परत येऊन गेली," ते म्हणत.

"ती पुसणारी बाई," काकूंनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या. "या वयात ह्यांना बाई भेटली, आणि तीही पुसायला येते. फरशी पुसून गेली असती तर मी चहा तरी दिला असता."

मीही हसले. मग विचारलं, "कशी दिसते म्हणतात?"

"दिसत नाही. ऐकू येते. खोडरबर घासल्याचा आवाज येतो म्हणे. आणि तिच्या हाताला स्पिरिटचा वास आहे." काकूंनी दातांनी दोरा तोडला. "येणारच. चाळीस वर्षं त्या वासात काढली, दुसरा कुठला वास आठवणार ह्यांना?"

मी हात टेबलाखाली घेतले. सकाळी दोनदा साबणाने धुतले होते, तरी घेतले.

काका आमच्याकडे बघत होते. मला ते ओळखत. कधी नावाने, कधी नुसतं "अरे, आलीस" म्हणून. मी जवळ गेले की शेजारचं स्टूल पुढे ओढत, आणि बोटाने खिडकीकडे दाखवत सांगत, "आज एकोणीस. लक्षात ठेव हं. ती बदलून टाकेल." मी "हो" म्हणायचे. तिथे बसून मला सारखं वाटे की त्या खोलीत आपण दोघी आहोत, एक स्टुलावर बसलेली आणि एक मागे उभी, आणि मागची खोडरबर हातात घेऊन माझ्या उठण्याची वाट बघतेय.

हळूहळू काकूंचं हसू गेलं. एका दुपारी काकांनी त्यांचं मनगट धरलं आणि, "तूच आत घेतेस तिला" म्हणत सोडलंच नाही. मनगट काळंनिळं झालं. डॉक्टरांनी संशयासाठी गोळी दिली. गोळीने आरडाओरडा थांबला, पण काकांचे खांदे आखडले, तोंडातून लाळ गळायला लागली, चालताना पाय घासायला लागले. ती बाई मात्र येतच राहिली. फक्त आता तिच्याबद्दल ते ओरडत नसत, पुटपुटत.

एवढ्यात आमच्या कामात नवा रंग आला. या मोजणीवरचा आमचा लेख छापण्याआधी ज्यांनी तपासला त्यांनी सुचवलं होतं, की त्याच मेंदूंचे शेजारचे काप या जास्त तीक्ष्ण रंगाने रंगवा आणि पुन्हा मोजा. शेजारचा काप म्हणजे तीच रक्तवाहिनी, एक पापुद्रा पुढची. मी मोजायला बसले. पहिल्याच काचेत तेवीस पाझर. जुन्या तक्त्यात माझे होते नऊ. मला वाटलं काच चुकली. दुसरी लावली, तिसरी लावली. जिथे पूर्वी रंगाचा मागमूस नव्हता तिथे आता तपकिरी डाग होता, फिकट पण स्पष्ट, आणि त्याच्या भोवती गस्तवाले, बरोबर काकांचा बाण जिथे थांबायचा तिथे. मी डोळे चोळले, उठले, तोंडावर पाणी मारून आले. डाग जागच्या जागीच होते.

कपाटातून जुने कागद काढले. काकांचा आकडा मी पुसला होता, पण काका पेन्सिल दाबून लिहायचे. कागद खिडकीशी नेला, आडवा धरला, तिरका केला. माझ्या अकराखाली खोलगट बावीस उमटलेला होता. पुढच्या कागदावर चौदाखाली एकतीस. मी तिथे उभ्याउभ्या त्रेसष्ट कागद तिरके करून बघितले. नव्या मोजणीशी काकांचे आकडे एकदोनच्या फरकाने जुळत होते. स्वतःच्या खोलीचं दार चुकायला लागलेला तो माणूस काचेवर मात्र माझ्यापेक्षा बरोबर बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांवरचा त्याचा विश्वास मी मोडला होता. आजार त्यांना व्हायचाच होता. पण आपलं लिहिलेलं कोणी पुसतं, हे त्यांच्या मेंदूने रचलेलं नव्हतं. ते खरं होतं. एवढं एकच खरं त्यांच्याजवळ शिल्लक होतं आणि त्यासाठी त्यांना गोळी चालू होती.

त्यानंतरचे दोन रविवार मी गेले, सफरचंदं नेली, मूग गिळून बसले आणि परत आले. हे मला सांगायची लाज वाटते, पण झालं ते असं.

तिसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. काका पडले होते. पाय घासत जाताना मशीनच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं, चार टाके पडले. "सोमवारी डॉक्टरकडे जायचंय. ती बाई अजून येते म्हटल्यावर ते गोळी दुप्पट करू म्हणतात," काकू म्हणाल्या. "आताच हे असे झालेत. दुप्पट केल्यावर काय उरेल गं?"

शुक्रवारी मी मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"किती कागद?"

"त्रेसष्ट."

"लिहून द्या."

मी खिशातून पेन्सिल काढली.

"पेनने," मॅडम म्हणाल्या, आणि स्वतःचं पेन पुढे केलं. मी लिहून दिल्यावर त्यांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून मोजणीला बसू नका. पुढचं समिती बघेल." मी दाराशी गेल्यावर त्यांनी हाक मारली. "मी त्यांना समजावलं होतं, हा भास आहे म्हणून. इथेच, तुम्ही बसला होतात त्या खुर्चीत."

रविवारी मी पहिला बावीसचा कागद घेऊन गेले. मला काय हवं होतं ते स्पष्ट होतं. काकूंनी डॉक्टरांना खरं सांगावं, आणि काकांना कळावं की ती बाई म्हणजे मी. भुताला चेहरा मिळाला की भीती जाते, असं माझ्या मनाने घेतलं होतं. मग त्यांनी मला घराबाहेर काढलं तरी चाललं असतं. तेवढ्याने त्यांची दुपार शांत गेली असती.

काकू स्वयंपाकघरात कप विसळत होत्या. मी दाराला टेकून बोलले. एका दमात, थांबले असते तर पुढे जमलं नसतं. काकूंच्या हातातला कप नळाखाली तसाच राहिला आणि पाणी वाहत राहिलं.

"मनगट धरलं होतं ना त्यांनी," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी ओरडले होते, तुम्हाला वेड लागलंय. चाळीस वर्षांत तो शब्द कधी काढला नव्हता." त्यांनी नळ बंद केला. "तुला मी मुलीसारखी धरत होते गं. दर रविवारी तुझी वाट बघायचे."

मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

"उद्या डॉक्टरांना मी सांगते. पहिली बाई खरी होती म्हणते. गोळी कमी करतात का बघते." पदराला हात पुसत त्यांनी माझ्याकडे प्रथमच बघितलं. "पण ह्यांना तू सांग. मी नाही सांगणार."

काका खिडकीपाशी होते. कपाळावर पट्टी, हनुवटी छातीला लागलेली. मी स्टूल ओढून बसले आणि कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधीच त्यांचा हात उठला. कागद उचलून त्यांनी खिडकीकडे नेला, आडवा धरला, आणि मनगट किंचित वळवून तिरका केला. थरथरणारा हात तेवढ्यापुरता स्थिर झाला. गळ्यातलं भिंग त्यांनी डोळ्याला लावलं.

"बावीस," ते म्हणाले.

"हो काका. बावीसच होते. तुम्ही बरोबर मोजलं होतं. नव्या रंगात सगळे दिसले. सगळ्याच काचांचं बरोबर होतं."

त्यांचा चेहरा मी कित्येक महिन्यांत असा बघितला नव्हता. आखडलेले खांदे सैल झाले. "अगं, ऐकलंस का?" त्यांनी आतल्या दाराकडे बघून हाक मारली. "बावीस होते. मी सांगत नव्हतो?" काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता.

मग काकांनी त्या अकरावर बोट ठेवलं. "आणि हे?"

"ते मी लिहिलं, काका. तुमचा आकडा मी पुसला. सगळे मीच पुसले. कोणी दुसरी बाई नाही. ती मीच."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी मला मारावं असं वाटत होतं, खरंच वाटत होतं. डोळे मिटायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. आणि काका हसले. पूर्वी मला चिडवायचे तेव्हा हसत तसेच, फक्त अर्ध्या तोंडाने.

"छे," ते म्हणाले. "तू नाही."

"मीच, काका."

"तुला मी हाताला धरून शिकवलंय. तू घाई करशील, चुकशील, तोंड वर करून भांडशील. पण पुसायची नाहीस."

"अहो, तीच होती," दारातून काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला. "ती स्वतःच्या तोंडाने सांगतेय. ऐका तरी."

काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की काकू गप्प झाल्या. "पोरीवर आळ घेऊ नकोस," ते म्हणाले. शब्द जड येत होते, पण एकेक शब्द त्यांनी पुरा केला. "सगळ्या मजल्यावर हीच एक खरी आहे."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. कोणता महिना, कोणती काच, संध्याकाळी किती वाजता, कुठल्या टेबलावर. मी रडत होते आणि मोठ्याने बोलत होते. जेवढं जास्त सांगावं तेवढी त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कणव वाढत होती. शेवटी त्यांनी खुर्चीतून पुढे वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला.

"तिने तुला असं बोलायला लावलंय ना? घाबरू नकोस. मला कळतं." त्यांनी खोलीभर नजर फिरवली, ताग्यांच्या मागे, पडद्यांच्या मागे. "तू जप स्वतःला. तुझेही आकडे ती सोडायची नाही."

मग त्यांनी स्वेटरच्या आत हात घातला आणि पोटाशी लपवलेला कागदांचा गठ्ठा बाहेर काढला. इतक्या दिवसांच्या खिडक्या, टोपीवाले, मशीनचे थांबे. घामाने कागद मऊ पडले होते. काकूंनाही तो गठ्ठा माहीत नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. काकांनी तो माझ्या दोन्ही हातांत ठेवला आणि माझी बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

"इथे ठेवायची सोय नाही," ते म्हणाले. "तू घेऊन जा. तुझ्यापाशी राहिले की तिला सापडायचे नाहीत."